फुलांना मासळीचा वास

कोणाच्या दिवाणखान्यात काचेच्या बरणीत सुकवलेली फुलं दिसली आणि घरातल्या बाई कौतुकाने म्हणाल्या, "वास नाही, कटकट नाही, वर्षभर टिकतात," की माझं डोकं आजही फिरतं. मी चहा पिते, हसते आणि लवकर उठते. मी का उठते ते नवऱ्याला कळतं. तो काही बोलत नाही. त्याने बोलूही नये. या फुलांवरून आमच्या घरात जे झालं त्यात त्याचाही वाटा आहे आणि मी तो विसरलेले नाही.

नव्या शतकाची पहिली काही वर्षं होती. मिस्ड कॉल देऊन माणसाला खाली बोलवायचे ते दिवस. आम्ही भाईंदर पूर्वेला, नवघरच्या आतल्या बाजूला एका चार मजली इमारतीत पहिल्या मजल्यावर राहत होतो. समोरच्या इमारतीची भिंत इतकी जवळ की त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मी आमच्या समजून गॅस बंद करायचे. ऊन घरात यायचं नाही, पाणी दिवसाआड यायचं, आणि दमट हवा मात्र चोवीस तास फुकट. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला मिठागरं. बिस्किटाचा पुडा फोडला की त्याच दिवशी संपवायचा, नाहीतर दुसऱ्या दिवशी बिस्किटं वाकायला लागायची. अशा हवेत मी फुलं सुकवायचं काम काढलं होतं. यावरून मी किती हट्टी आहे ते ओळखावं.

लग्नानंतर नोकरी सुटली होती आणि मला हात गप्प ठेवता येत नाहीत. एका उन्हाळी वर्गात मी हे शिकले. पुढचं अनुभवाने, म्हणजे फुलं नासवून नासवून, शिकले. मोगरा सुकवायच्या फंदात पडू नये, तो तपकिरी होतो आणि उंदराच्या लेंड्यांसारखा दिसतो. गुलाब उलटा टांगावा, म्हणजे मान मोडत नाही. शेवंती बारीक वाळूत पुरावी. मखमल आणि कोंबडा यांना काहीच करावं लागत नाही, ती फुलं झाडावरच अर्धी सुकलेली असतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ऊन लागू द्यायचं नाही. उन्हात रंग उडतो. सावली हवी आणि वारा हवा. आमच्या घरात सावलीला तोटा नव्हता, वारा शोधून सापडत नव्हता. न्हाणीघराच्या दारावर, कपाटाच्या मागे, पंख्याखाली, जिथे जागा मिळेल तिथे मी जुड्या टांगायचे. निम्म्या जुड्यांना आतून बुरशी यायची. उरलेल्यांची भेटकार्डं, फ्रेमा, छोटे पाट व्हायचे. स्टेशनजवळचा एक दुकानदार ते ठेवून घ्यायचा. माझं बरं चाललं होतं.

मग सासरे गेले आणि सासूबाईंचा प्रश्न आला.

माझं माहेर रत्नागिरीकडचं. सासर भाईंदरच्याच पश्चिमेला, डोंगरी गावाच्या पलीकडचं, समुद्रावरचं, पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारं. सासरे होते तोवर त्या दोघांचं गावात नीट चाललं होतं. ते गेल्यावर होडी विकली, घरात सासूबाई एकट्या उरल्या. रक्तदाब होता, गुडघा धड नव्हता. एकदा विहिरीजवळ चक्कर येऊन पडल्या आणि बराच वेळ कोणाला कळलंच नाही. त्या दिवशी मी नवऱ्याला म्हटलं, आई आता तिथे एकट्या राहायच्या नाहीत, इथे राहतील. तो "बघू" म्हणाला. हा त्याचा आवडता शब्द. मीच गावाला गेले, मीच त्यांची ट्रंक भरली, मीच त्यांना रिक्षात बसवलं. म्हणजे हे लक्षात घ्या, की पुढे जे काही झालं त्यात माझं एकच म्हणणं होतं. या बाईने आमच्या घरी राहावं, आणि आपलं घर समजून राहावं.

ते सोपं नव्हतं. पहाटेपासून बंदरावर उभी राहिलेली बाई पहिल्या मजल्यावर सोफ्यावर बसून काय करणार? टीव्ही लावून दिला तर त्या मालिकांमधल्या बायकांच्या दागिन्यांना हसायच्या. "ह्या बाया काम कवा करतात?" असं विचारायच्या. खिडकीत उभ्या राहायच्या आणि समोरच्या भिंतीकडे बघायच्या. एकदा मी मच्छी बाजारातून सुके बोंबील आणले होते, पावसाळ्याची बेगमी म्हणून. ते जरा ओलसर वाटले, तर त्यांनी आमच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये वर्तमानपत्रावर पसरले. एवढंच. एक दुपार. संध्याकाळी त्यांनी ते डब्यात भरलेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी खाली बोर्डावर सूचना लागली. 'सभासदांनी खिडकीत अथवा टेरेसवर मासळी सुकवू नये.' खाली सेक्रेटरींची सही. टेरेसला कुलूप लागलं आणि किल्ली सेक्रेटरींच्या घरी गेली. त्याच टेरेसवर उन्हाळाभर इमारतीतल्या अर्ध्या घरांचे पापड, कुरडया आणि लाल मिरच्या पडलेल्या असायच्या. मिरच्यांनी जिन्यात ठसका लागायचा, त्याबद्दल कधी बोर्डावर ओळ आली नव्हती. त्या सूचनेनंतरही पापडवाल्यांना किल्ली मिळतच होती.

वाचणाऱ्याच्या मनात आता एक चित्र तयार झालं असेल, की हे सेक्रेटरी कोणीतरी परजातीचे, शुद्ध शाकाहारी. अजिबात नाही. सेक्रेटरी आमचेच, रायगडकडचे. दर रविवारी काळी पिशवी घेऊन ते बाजारात पापलेटाचे कल्ले उघडून बघताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत. तिसऱ्या मजल्यावरच्या ज्या बाईंनी पहिली तक्रार केली त्याही मराठीच, आणि त्यांच्याकडच्या कोळंबीच्या कालवणाची वाटी माझ्या घरी आलेली आहे. त्यांचं म्हणणं असं, की आता चांगली माणसं फ्लॅट बघायला येतात, त्यांना आपली इमारत कोळीवाडा वाटता कामा नये. माझ्या शेजारी राहणाऱ्या गुजराती बेन, ज्या कांदासुद्धा खात नाहीत, त्यांनी कधी नाक मुरडलं नाही. पण ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांचं नाक नेहमीच जास्त तिखट असतं.

मी सेक्रेटरींकडे गेले. भांडायला नाही, किल्ली मागायला. म्हटलं, टेरेसवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत मला फुलं सुकवायची आहेत.

"फुलं ना? मग काय, ताई, बिनधास्त," ते म्हणाले. "पर्सनली मला कशाचाच प्रॉब्लेम नाही. लोकं कम्प्लेंट करतात म्हणून बघावं लागतं."

फुलं म्हटल्यावर किल्ली लगेच मिळाली. मला तेव्हा आनंद झाला होता. टाकीची सावली गार, खाडीकडून वारा, आणि वर आकाश. सासूबाई पहिल्यांदा वर आल्या तेव्हा कठड्याला धरून बराच वेळ पश्चिमेकडे बघत राहिल्या. समुद्र तिथून दिसत नाही. तरी त्या म्हणाल्या, "वारा तिकडचाच हाय." त्या दिवसापासून त्या रोज माझ्याबरोबर वर यायला लागल्या, आणि मग माझ्याशिवायही.

पहिला घोटाळा त्यांनीच केला. मी खाली पोळ्या करत होते. स्टेशनवरून आणलेले लाल गुलाब वर बादलीत होते. त्यांनी खालून मूठभर जाडं मीठ नेलं आणि सगळे गुलाब मिठाच्या पाण्यातून काढले. टिकवायची वस्तू म्हणजे मीठ लावायचं, हे त्यांच्या हाताला माहीत होतं. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. संध्याकाळपर्यंत गुलाब काळे पडले. मी वर गेले तर त्या कठड्याशी बसून त्या काळ्या फुलांकडे बघत होत्या.

"खारवलेलं टिकतं गो," त्या म्हणाल्या. "ये फुलां येडीच हायत."

मी हसायला लागले, मग त्याही हसल्या. लग्नानंतर आम्ही दोघी एकत्र अशा हसलेल्या मला आठवत नाही. ते काळे गुलाब मी टाकले नाहीत, बरेच दिवस स्वयंपाकघरात एका पेल्यात ठेवले होते. बघितलं की हसू यायचं.

मग त्यांनी स्वतःची पद्धत लावली. मी फुलांच्या जुड्या रबर लावून बांधायचे. त्यांनी त्या सोडल्या. बोंबील सुकवताना दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवतात आणि ती जोडी दोरीवर टाकतात, एक इकडे, एक तिकडे. तसंच त्यांनी फुलांचं केलं. दोन देठ दोऱ्याने टोकाशी बांधायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. डोकी खाली, देठ वर. टाकीच्या पायापासून कठड्याच्या लोखंडापर्यंत त्यांनी दोऱ्या ताणल्या आणि त्यावर मखमल, कोंबडा, गुलाब रांगेने लटकवले. प्रत्येक फुलाला वारा लागत होता. बुरशी गेली. खरं सांगायचं तर जुड्यांचं गणित माझ्याही लक्षात आलं असतं, पण दोऱ्या ताणायला आणि दिवसभर वर बसून कावळे हाकलायला मला जमलं नसतं. त्या बसायच्या. वाऱ्याची दिशा फिरली की फुलं सरकवायच्या. खाली आल्या की भूक लागलेली असायची. रक्तदाबाची गोळी मी द्यायच्या आधी स्वतः मागायच्या. एक दिवस त्यांनी ट्रंक रिकामी केली आणि आपली लुगडी माझ्या कपाटात, माझ्या साड्यांशेजारी लावली. मला वाटलं, झालं. आता राहिल्या.

आणि हे मी पुन्हा सांगते, कारण तेव्हा कितीदा सांगून कोणी ऐकलं नाही. त्या टेरेसवर त्यांनी एकही मासा सुकवला नाही. एकही नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंच्या मुलीचं लग्न ठरलं. रुखवतात काहीतरी वेगळं मांडायचं होतं. सगळ्यांकडे तेच ते मण्यांचे मोर आणि सुपारीचे भटजी असतात, आपल्याकडे सुकवलेल्या फुलांचं असू दे, असं त्या म्हणाल्या. मी सप्तपदी करायची ठरवली. सात छोटे गोल पाट, प्रत्येकावर पाकळ्यांचं एक पाऊल. पाकळ्या निवडायचं काम सासूबाईंचं. त्यांची नजर अधू होती, पण बोटाने चाचपून त्या मोडकी पाकळी बाजूला काढायच्या. सात पाट आम्ही दोघींनी स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसवले. शेवटच्या पाटावरचं पाऊल त्यांनी एकट्यांनी लावलं. ते जरा मोठं झालं होतं, टाच रुंद होती. "ही चालणारी बाय हाय," असं त्या म्हणाल्या. मी ते तसंच ठेवलं.

पाट बघून तिसऱ्या मजल्यावरच्या बाई हरखल्या. गाल लावून बघावेसे वाटतात, असं म्हणाल्या. घेऊन गेल्या. आठवडाभर ते त्यांच्या हॉलमध्ये टेबलावर मांडलेले होते, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होत्या. मग कोणीतरी त्यांना विचारलं असेल, किंवा जिन्यात कोणी सांगितलं असेल, की ही फुलं वर ती कोळीणच सुकवते, पाकळ्यासुद्धा तिच्याच हातच्या. त्यांना कोणी सांगितलं ते मला ठाऊक नाही. एक दिवस दार उघडलं तर उंबऱ्याबाहेर प्लास्टिकची पिशवी. आत सातही पाट, एकावर एक कोंबलेले. मी जिन्याने वर धावले.

बाईंनी दार अर्धंच उघडलं. "अगं, राग मानू नकोस," त्या म्हणाल्या. "लग्नघर आहे, पाहुणे येणार. त्याला ना, थोडा वास येतोय."

"कसला वास?"

"आता तुला काय सांगू. मासळीचा."

आठवडाभर नाही आला, म्हटलं. तर म्हणाल्या, सुरुवातीला लक्षात आलं नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण खालच्या मजल्यांची दारं उघडली एवढं आठवतं. आणि खाली आले तेव्हा आमच्याही दारात सासूबाई उभ्या होत्या. हातात पिशवी होती. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

त्या रविवारी सोसायटीची मीटिंग होती, पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून. विषय पाण्याचा टँकर, लिफ्टची दुरुस्ती आणि इतर. इतर म्हणजे आम्ही. मी सासूबाईंना म्हटलं, तुम्हीही चला, सगळ्यांना पाटाचा वास घेऊ दे, तोंडावर सांगू दे.

"मना तिथं कशाला नेतंस?" त्या म्हणाल्या. "मी काय वास घ्यायची वस्तू हाय?"

त्या आल्या नाहीत ते बरंच झालं. मी पाट नेले आणि एकेक सगळ्यांच्या हातात दिला. म्हटलं, घ्या वास, आणि खरं सांगा. पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी पाट नाकापासून हातभर लांब धरला आणि तिथूनच तोंड वाकडं केलं. त्यांचं बघून त्यांच्या बायकोने केलं. मग ते रांगेने पसरलं. काहींनी तर पाट हातात यायच्या आधीच मान हलवली. एक म्हणाले, "हलकासा आहे, पण आहे." दुसरे म्हणाले, हा बोंबलाचाच. साप साप म्हणून भुई धोपटतात तसं चाललं होतं, आणि सगळे अगदी गंभीर.

पाट शेजारच्या बेनकडे गेला. त्यांनी तो नाकाला लावला, डोळे मिटले, दोनदा श्वास घेतला. म्हणाल्या, "मेरे को तो कुछ नहीं आता. गुलाब का भी नहीं आता."

कोणीतरी हसलं. बेनचं म्हणणं मोजण्यात कोणाला रस नव्हता. सेक्रेटरींनी घसा साफ केला आणि म्हणाले, "ताई, तुम्ही फुलं सुकवायला किल्ली घेतली होती. आता मेजॉरिटीचं म्हणणं असं असेल तर मला किल्ली परत घ्यावी लागेल."

"मागच्या रविवारी बाजारात पापलेट निवडत होतात," मी म्हटलं. "तेव्हा नाक घरी ठेवून आला होतात का?"

मला वाटलं होतं, ते खजील होतील. ते अजिबात झाले नाहीत. "खाणं वेगळं, ताई," ते शांतपणे म्हणाले. "खाणं सगळेच खातात. सुकवणारी माणसं वेगळी."

हे ते माझ्या नवऱ्यासमोर बोलले. तो माझ्याशेजारच्या खुर्चीवर बसला होता. ज्या बाईबद्दल हे चाललं होतं ती त्याची आई. तिने सुकवलेली मासळी विकून त्याची शाळा झाली, कॉलेज झालं, त्या पैशांतून हा फ्लॅट बुक झाला. मी त्याच्याकडे बघितलं. तो मोबाईल उघडत होता, बंद करत होता. मूग गिळून बसणं मी ऐकून होते, त्या दिवशी बघितलं. किल्ली मी सेक्रेटरींच्या पायाशी टाकली आणि पाट गोळा करून घरी आले.

त्याला मी माफ केलंही असतं. सगळ्यांसमोर बोलायचा काही माणसांना धीर नसतो, हे मला कळतं. पण त्या संध्याकाळी चहा पिऊन झाल्यावर तो आईजवळ जाऊन बसला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "आई, तू एक कर ना. फुलांना हात लावायच्या आधी हात लिंबाने धूत जा. साबण लाव, मग लिंबू. म्हणजे लोकांची तोंडं बंद होतील."

मी ओट्याशी उभी होते. त्याला सोसायटीला समजावता आलं नाही, म्हणून त्याने आईला समजावलं. आणि ते इतक्या प्रेमाने, की त्यांना भांडताही येऊ नये. सासूबाईंनी आपले हात उलटे-सुलटे करून बघितले.

"येतो काय रं?" त्यांनी विचारलं.

त्याने "नाही" म्हणायला हवं होतं. एक शब्द. त्याने खांदे उडवले आणि म्हणाला, "आपल्याला सवय असते ना, कळत नाही."

त्या रात्री मी त्याच्याशी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही, आणि त्यातला एकही शब्द मी मागे घेतलेला नाही.

पुढचे दिवस मी कधी विसरणार नाही. घरात लिंबं उरेनात. सासूबाई न्हाणीघरात दार लावून बसायच्या आणि हात धुवायच्या. आधी साबण, मग लिंबाचं साल, मग भांडी घासायचा काथ्या. मी दार वाजवलं की "आले आले" म्हणायच्या आणि पाणी चालूच. पाणी दिवसाआड येणाऱ्या घरात बादल्या रिकाम्या व्हायला लागल्या, त्यावरून मला किती चाललंय ते कळलं. जाळी ओढून, कोळंबी सोलून ज्या हातांना आयुष्यभर काही झालं नव्हतं, ते हात आता बोटांच्या पेरांवर सोलले. भेगांत लिंबू जायचं, तरी त्या थांबायच्या नाहीत. मग बाहेर येऊन माझ्यासमोर हात धरायच्या.

"बघ गो. आता?"

"नाही येत, आई. कधीच येत नव्हता."

"तुलाही सवय झाली असंल."

नवऱ्याच्या त्या एका वाक्याने माझंही नाक खोटं ठरवलं होतं. मी काहीही सांगितलं तरी त्यांना पटेना. मी लिंबं लपवून ठेवली तर त्यांनी खालच्या भाजीवाल्याकडून आणली. मी ओरडले, हात धरून बसवलं, नवऱ्याला म्हटलं, तू सांग त्यांना, आत्ताच्या आत्ता सांग, की वास येत नाही. त्याने सांगितलं. हजारदा सांगितलं, अगदी रडवेला होऊन सांगितलं. उशीर झाला होता. त्यांनी कणकेत हात घालणं बंद केलं. मला वाढायला सांगायच्या. आमच्या कपाटातली आपली लुगडी एक दिवस त्यांनी परत ट्रंकेत ठेवली, कारण विचारलं तर म्हणाल्या, "तुज्या चांगल्या साड्या हायत त्यात."

गावदेवीची जत्रा आहे, चार दिवस जाऊन येते, असं सांगून त्या गेल्या. ट्रंक घेऊन गेल्या. जत्रेला कोणी ट्रंक नेत नाही.

नवऱ्याने त्यांना बसपर्यंत पोचवलं. मी गेले नाही, मी सेक्रेटरींच्या दारात उभी होते. किल्ली मागितली, दोऱ्या काढायच्यात म्हणून. त्यांनी निमूट दिली. मी वर जाऊन दोऱ्या सुरीने कापल्या आणि वाळलेली, अर्धी वाळलेली सगळी फुलं गोणीत भरून खाली कचऱ्यात टाकली. ज्या फुलांपायी त्या बाईचे हात सोलले गेले, ती मला कोणाच्या भिंतीवर नको होती. किल्ली परत द्यायला गेले तर सेक्रेटरी म्हणाले, "बघा ताई, आता वर कसं फ्रेश वाटतंय." टेरेसवर जे काही सुकत होतं ती फुलं होती, आणि हा माणूस ती गेल्यावर श्वास मोकळा झाला म्हणत होता. मी त्याच्याशी त्यानंतर ती इमारत सोडेपर्यंत बोलले नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या लग्नालाही गेले नाही. रुखवतात मण्यांचे मोर होते, असं बेननी सांगितलं.

सात पाट मात्र मी ठेवले. सुकवलेल्या फुलांचं काम त्यानंतर मी कधी केलं नाही. दुकानदाराने दोनदा निरोप पाठवला, मग तोही थांबला.

सासूबाईंना आणायला मी गावाला गेले. एकटी गेले, नवऱ्याला मुद्दाम नेलं नाही. त्या अंगणात बोंबलांच्या ढिगासमोर बसल्या होत्या, बाजूला शेजारच्या दोन बायका. बांबूंवर दोऱ्याच दोऱ्या आणि त्यावर बोंबील, उन्हात चमकणारे. मला बघून त्या उठल्या, गुडघ्यावर हात देत. वाळल्या होत्या. गोळ्या संपून किती दिवस झाले ते त्यांना सांगता आलं नाही. मी त्यांना चला म्हटलं. विनवलं, रागावले, तुम्हाला काही झालं तर मी काय तोंड दाखवू, असंही म्हटलं. त्या ऐकून घेत होत्या आणि माझ्यासाठी मासे तळत होत्या.

"तुज्यावर राग न्हाय," त्या म्हणाल्या. "तू चांगली हास. मी येन जेवायला, सणाला येन. ऱ्हावाला न्हाय."

"पण का, आई? आता कोणी काही बोलणार नाही. मी बोलू देणार नाही."

त्यांनी माझ्या ताटात अजून एक तुकडा वाढला, चिमट्याने.

दुपारी मी निघाले. त्या बसच्या थांब्यापर्यंत लंगडत आल्या. आमच्या सासरी कोणी निघालं की मोठी बाई त्याच्या दोन्ही गालांवरून हात फिरवते आणि मग स्वतःच्या कानशिलावर बोटं कडाकडा मोडते. दृष्ट लागू नये म्हणून. सासूबाईंनी हात वर केले. पण ते माझ्या गालांपर्यंत आले नाहीत. वीतभर अंतरावरून, हवेतूनच त्यांनी माझ्या तोंडाभोवती हात फिरवले, आणि बोटं मोडायला मागे घेतले.

मी त्यांची मनगटं धरली आणि ते हात माझ्या गालांकडे ओढले. त्यांनी जोर लावून सोडवून घेतले. पदराआड लपवले.

"नको गो, पोरी," त्या म्हणाल्या. "तुला गाडीत बसायचं हाय. लोका काय बोलतील."

बस समोर उभी होती. आत जिकडेतिकडे भाईंदरच्या बाजाराला निघालेल्या बायका मासळीच्या पाट्या पायाशी घेऊन बसल्या होत्या. त्यातली एक सरकली आणि तिने मला जागा दिली.